पावती फाडणारा यजमान नसतो

भाद्रपद उतरला, पाऊस मागे सरकू लागला की दरवर्षी एक छायाचित्र फिरतं. साताऱ्याहून कासच्या फुलांच्या पठाराकडे जाणाऱ्या यवतेश्वरच्या घाटात एकामागे एक अडकलेल्या गाड्या, काचा खाली करून वैतागलेले चेहरे, आणि रस्त्याच्या कडेला तेरड्याच्या ताटव्यात खुशाल पाय पसरून बसलेलं एखादं कुटुंब. त्याखालचा वादही ठरलेला. एक बाजू म्हणते, डोंगर बंद करा, ही माणसं त्या लायकीची नाहीत. दुसरी म्हणते, स्थानिकांच्या पोटावर पाय देऊ नका, दोन महिने तर कमावतात बिचारे. मग नवरात्र येतं, गडांवर दीपोत्सव होतात, कोजागरीला तंबू लागतात, दिवाळीच्या सुट्टीत शाळकरी पोरांना घेऊन आई-बाप डोंगर चढतात, आणि तोच वाद नव्या छायाचित्राखाली पुन्हा पेटतो. गेली वीसेक वर्षं मी तो ऐकतोय. तावातावाने भांडलोही आहे, बहुतेक वेळा पहिल्या बाजूने. आता मात्र माझं मत असं झालंय की दोन्ही बाजूंची नजर एका आकड्यावर खिळलेली आहे आणि त्यामुळे खरा प्रश्न सुटून जातो. माणसं किती आली, यावरच सगळी भांडणं. त्यांना बोलावलं कोणी, आणि ‘आत्ता नको’ म्हणायचा अधिकार कोणाच्या हातात होता, हे कोणी विचारत नाही. सह्याद्रीला गर्दी नवी नाही. यजमान नसलेली गर्दी नवी आहे.

यजमान म्हणजे सातबाऱ्यावर नाव असलेला मालक, असं मला म्हणायचं नाही. ज्याच्या दारी माणसं जमतात, जो त्यांना कधी यायचं, कुठवर यायचं आणि कधी उठायचं हे सांगू शकतो, आणि ज्याचं सांगणं ऐकलं जातं, तो यजमान. अकोले, इगतपुरी, जुन्नर या भागांतल्या महादेव कोळी गावांत आश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे बाकीचा महाराष्ट्र वसुबारस करतो त्या दिवशी, वाघबारस असते. गुराखी घरोघरी फिरून तांदूळ आणि दूध गोळा करतात, वाघदेवापुढे खीर शिजते, अख्खं गाव लेकराबाळांसकट तिथे जमतं. एखादा पोरगा वाघ होतो आणि बाकीची पोरं त्याला दटावतात, पुन्हा आमच्या शिवारात येशील का, म्हणून हुसकावून लावतात. शरदातला सामुदायिक सोहळा आणि कुटुंबाची सहल, दोन्ही एकदमच. त्यात गंमत आहे, जेवण आहे, आरडाओरडाही आहे. पण सगळ्या खेळाचा गाभा एकच: शीव कुठे आहे, हे मोठ्याने सांगणं. वाघाला देव मानणारी माणसं देवालाही हद्द दाखवतात. गाडी घेऊन आलेल्या पाहुण्याचं काय घेऊन बसलात?

आता याच्या शेजारी हल्लीचा एखादा ‘महोत्सव’ ठेवून बघा. नाव डोंगराचं, फलक प्रायोजकांचे, मंच भाड्याचा, सूत्रसंचालक शहरातला. गाव कुठे असतं? वाहनतळावर, हातात शिट्टी घेऊन. जरा बरं नशीब असेल तर पावती-पुस्तक घेऊन. त्या पावतीवर अनेक ठिकाणी ‘उपद्रव शुल्क’ असे शब्द छापलेले असतात. मला ह्या शब्दांचं नेहमी नवल वाटतं. पाहुण्याला आधीच सांगून टाकलं की तू उपद्रव आहेस, आणि त्याची किंमतही घेऊन टाकली. पैसे मोजले म्हणजे उपद्रव करायची मुभा मिळाली, असा त्याचा अर्थ एखाद्याने काढला तर दोष त्याचा की पावतीचा? पावती फाडणारा माणूस कोणाला परत पाठवू शकत नाही. त्याच्या हातात पुस्तक आहे, शब्द नाही.

विरुद्ध बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा मात्र मान्य करायलाच हवा: संख्या महत्त्वाची असते. निसर्गाला यजमान-बिजमान कळत नाही, पायाचा दाब कळतो. कासचं पठार म्हणजे बेसाल्टवर जांभ्याचा थर आणि त्यावर जेमतेम मातीचं पातळ अस्तर. ती माती इतकी निकस की सीतेची आसवं आणि दवबिंदू यांच्यासारख्या वनस्पती नत्रासाठी किडे खाऊन राहतात. सीतेची आसवं, गेंद, तेरडा यांचं आयुष्य एका हंगामाचं. पावसात उगवायचं, फुलायचं, बी धरायचं आणि मरायचं. बी धरायच्या आधी त्यांच्यावर कोणी सतरंजी टाकली तर नुकसान त्या दिवसाचं नसतं, पुढच्या वर्षाचं असतं. 2012 साली युनेस्कोने पश्चिम घाटातली जी 39 ठिकाणं जागतिक वारसा यादीत घेतली, त्यांत कास आलं. आधीच वाढलेला ओघ त्यानंतर आणखी वाढला, आणि दिवसाला 3,000 माणसांची मर्यादा, शुल्क, आगाऊ नोंदणी हे सगळं करावं लागलं. ते चूक होतं असं मी म्हणणार नाही.

पण त्या आकड्याकडे जरा जवळून पाहू. 3,000 माणसं चार-चारच्या हिशोबाने स्वतःच्या गाड्यांनी आली तर 750 गाड्या होतात. पन्नास आसनांच्या एसटीने आली तर 60 फेऱ्या. डोकी तेवढीच, घाटावरचा भार कितीतरी वेगळा. ती माणसं सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत विखरून आली तर एक पठार, अकरा ते दोन एकदम आली तर दुसरं. मोजणी डोक्यांची झाली, वागण्याची आणि वेळेची राहिली. आणि आकड्यावर विसंबणारी बाजू पुढे ज्या वाटेने गेली ती तर जास्तच बोलकी आहे. पठाराला लोखंडी जाळीचं कुंपण घातलं गेलं. माणसं थांबली की नाही हा वेगळा मुद्दा, गुरं मात्र थांबली. पिढ्यान्‌पिढ्या जिथे गुरं चरत होती तिथे गवत माजू लागलं, फुलं कमी झाली, अशी तक्रार आधी गावांतून आली, मग काही अभ्यासकही तेच म्हणू लागले, आणि शेवटी ते कुंपण काढायचं ठरलं. उत्तराखंडातल्या ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ची गोष्टही अशीच वळणं घेते. 1982 साली ते राष्ट्रीय उद्यान झालं, चराई थांबली, आणि पुढे पॉलिगोनम नावाची पुरुषभर वाढणारी वनस्पती एवढी फोफावली की वनखात्याला ती उपटायच्या मोहिमा काढाव्या लागतात. चराई थांबणं हे त्याचं एकमेव कारण आहे का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत आणि ते मी इथे मिटवू शकत नाही. मला एवढंच दिसतं की दोन्हीकडे जागेची सगळ्यात जुनी ओळख असलेला गुराखी चर्चेच्या बाहेर होता. यजमानालाच कुंपणाबाहेर काढून राखलेली बाग ती.

पहिल्या बाजूच्या बोलण्यात आणखी एक सूर असतो, तो मला आता सहन होत नाही. ‘पिकनिकवाले’ हा शब्द ज्या तोंडाने उच्चारला जातो ते तोंड पाहावं. जीपमध्ये दाटीवाटीने बसून आलेलं कुटुंब, नऊवारीतली आजी, कडेवर पोर, डब्यात पोळी-भाजी, आणि फुलाचं नाव माहीत नसताना ‘अगं बाई, किती गं सुंदर’ म्हणून थबकणारी आई. हे डोंगराला नालायक, आणि महागडे बूट घालून, सूर्योदयाआधी येऊन, ड्रोन उडवून जाणारा तेवढा दर्दी? डोंगरावर शांत राहावं, दृश्य बघावं, एकटं असावं, ही कल्पना आपल्याकडे आली कुठून? सह्याद्रीत महाबळेश्वर दोन आहेत. एक क्षेत्र महाबळेश्वर, जिथे माणसं कृष्णेच्या उगमावर हात जोडायला शतकानुशतकं जात आली. दुसरं गव्हर्नर माल्कमच्या नावाने वसलेली माल्कम पेठ, जिथे एकोणिसाव्या शतकात गोरे अधिकारी उकाड्यापासून पळून हवा खायला आणि पॉइंट बघायला जमू लागले. दोन्हींत अंतर काही किलोमीटरांचं. आपले आजी-आजोबा पहिल्या वाटेने डोंगरावर जात, आपण दुसऱ्या वाटेने जातो, आणि पहिल्या वाटेने येणाऱ्यांना ‘गर्दी’ म्हणतो. ढोल वाजला म्हणजे डोंगर बाटला आणि कॅमेरा चालला म्हणजे पावन झाला, असं काही नसतं. कळसूबाईवर नवरात्रात बारी आणि आसपासच्या गावांतल्या बायका-पोरं चढतात ती काही वनस्पतिशास्त्र शिकायला नव्हे. त्यांच्यापुढे आम्ही शनिवारचे भटके पाहुणेच आहोत.

म्हणजे मग दुसरी बाजू बरोबर? रोजगाराचा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. जावळी, पाटणच्या डोंगरी गावांतली कर्ती माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबई-नवी मुंबईच्या बाजारांत माथाडी म्हणून पाठीवर ओझी वाहत आली. कोयनेच्या धरणाने गावं उठवली, मग अभयारण्य आलं, त्यानेही हालचाल आवळली. अशा गावातल्या पोराला घरच्या अंगणात चार तंबू ठोकून पैसे मिळत असतील, तर पर्यावरणाच्या नावाने त्याला नाक मुरडणारे आम्ही कोण? पण या बाजूला मी एकच विचारेन: ते चार तंबू आहेत कोणाचे? शरदात डोंगर फिरणाऱ्याने डोळे उघडे ठेवले तर दिसतं की रस्त्याजवळच्या मोक्याच्या जागा गावाबाहेरच्यांनी घेऊन झाल्यात आणि त्याच जमिनीवर तिचा जुना धनी राखणदार म्हणून उभा आहे. ‘नवीन महाबळेश्वर’ प्रकल्पासाठी साताऱ्याच्या डोंगरातली 235 गावं एका महामंडळाच्या नियोजनाखाली आली. गावाच्या डोंगराचा आराखडा गावाबाहेर ठरणार असेल तर त्यातून रोजगार येईलही, पण तो यजमानाचा नसेल, चाकराचा असेल.

त्यात शरद ऋतूचा स्वतःचा एक पेच आहे आणि तो शहरातून दिसत नाही. आपल्याला हा ऋतू सुट्टीचा वाटतो. आकाश धुतलेलं, धबधबे अजून जिवंत, शाळांना दिवाळीची सुट्टी. डोंगरातल्या माणसाला मात्र वर्षातले सगळ्यात कमी सवडीचे हेच दिवस. हळवं भात कापणीला आलेलं, नाचणी-वरई काढायची, गुरांसाठी गवत कापून गंज रचायचे, आणि वर परतीच्या पावसाची टांगती तलवार. माळीण आणि इर्शाळवाडी ज्या जुलैत गाडल्या गेल्या तसे जुलै अंगावर काढून ही गावं आश्विनाला पोचलेली असतात. त्यांनी काय करावं, विळा ठेवावा आणि तुमच्यासाठी पिठलं-भाकरी टाकावी? पैशासाठी टाकतातही. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. पण गावाला तारीख ठरवू द्या, मग पहा ते कोणती ठरवतं. गावजत्रांचं पंचांग पाहिलं तर त्यातल्या कितीतरी सुगी आटोपल्यावर येतात. शेताचा हिशोब करूनच देवांनी आपले दिवस निवडलेत म्हणा ना.

इथवर आल्यावर माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात कठोर आक्षेप समोर उभा राहतो, आणि तो टाळणं खोटेपणाचं होईल. मांढरदेव. 25 जानेवारी 2005, पौष पौर्णिमा, वाईजवळच्या डोंगरावर काळुबाईची यात्रा. अडीचशेहून अधिक माणसं चेंगरून, होरपळून मेली. अरुंद चढाची वाट, फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, दुतर्फा दुकानं, त्यांत पेटलेली आग. तिथे तर सगळंच ‘आपलं’ होतं. परंपरा होती, मानकरी होते, देवस्थान होतं. मग तुमच्या यजमानाने काय केलं? माझं उत्तर असं की मांढरदेवात परंपरेची कमतरता नव्हती, पण परंपरा ज्या जत्रेसाठी घडली ती जत्रा कधीच मागे पडली होती. गाड्या आल्या, रस्ता आला, लाखोंची संख्या आली. आधी कोणी दर्शन घ्यायचं हे ठरलेलं होतं, वाटेवर किती माणूस सोडायचा हे ठरलेलं नव्हतं. मान वाटून दिलेले होते, जबाबदारी नव्हती. नुसता मान म्हणजे यजमानपण नाही, हे मी मांढरदेवापासून शिकलो असं म्हणायला हरकत नाही.

आणि परंपरेने नवी व्यवस्था अंगी लावून घेतली तर काय होतं हे पाहायला फार लांब जायला नको. वणीच्या सप्तशृंगी गडावर नवरात्रात आणि कोजागरीला लाखो माणसं जातात. कोजागरीला तर दूरदूरच्या नद्यांचं पाणी कावडीत घेऊन कावडधारी येतात, तृतीयपंथीयांचा मेळा भरतो. त्या दिवसांत खासगी गाड्या पायथ्याच्या नांदुरीतच थांबतात, वर जाते ती एसटी. आमदाराचा मेहुणा असो की कोणी. (असो, क्वचित कोणी जातही असेल, आपण महाराष्ट्रात राहतो.) पण मला गडावरची दुसरी एक गोष्ट यापेक्षा मोलाची वाटते. नवमीच्या मध्यरात्री गडाच्या शिखरावर देवीचा ध्वज लागतो. त्याचा मान दरेगावच्या गवळी घराण्याचा. खाली एवढा जनसागर, आणि त्या सरळसोट कड्यावर अंधारात चढतो तो एक मानकरी. ‘शिखर सर्वांचं आहे’ म्हणून कोणी भांडत नाही. ज्यांना वर जाता येत नाही त्यांना आपण वगळले गेलो असंही वाटत नाही, ती माणसं मान वर करून वाट बघतात आणि सकाळी फडकता ध्वज बघून हात जोडतात. लाखोंचा सोहळा आणि अस्पर्श शिखर एकाच रात्री, एकाच डोंगरावर असू शकतात. कोणत्या नोंदणी-प्रणालीला हे जमलंय?

यजमानाच्या हातात अधिकार नसला की तो काय करतो? कोर्टात जातो. उत्तराखंडात ‘आली’ आणि ‘बेदिनी’ या उंचावरच्या गवताळ कुरणांसाठी, म्हणजे बुग्यालांसाठी, तिथल्याच एका संरक्षण समितीने याचिका केली, आणि ऑगस्ट 2018 मध्ये उच्च न्यायालयाने बुग्यालांत रात्रीचा मुक्काम बंद केला, पर्यटकांची संख्या 200 वर आणली. कुरणांना श्वास मिळाला, पण ज्या पोरांचं घर वाटाड्या म्हणून आणि खेचरांवर चालायचं त्यांचे तंबूही त्याच आदेशाने उठले. न्यायालयाकडे हातोडा असतो, विळा नसतो. आणि वर्ष उलटायच्या आत, जून 2019 मध्ये, त्याच राज्यात औलीच्या उतारावर दक्षिण आफ्रिकेतल्या एका धनाढ्य कुटुंबाची लग्नं लागली, मागे कचऱ्याचे ढीग राहिले आणि तेही प्रकरण कोर्टात गेलं. स्थानिक वाटाड्याला मुक्काम बंद आणि वऱ्हाडाला डोंगर मोकळा, हा न्याय कोणता?

माथेरानचं उदाहरण बंदीवाले हमखास देतात. ठाण्याचा कलेक्टर मॅलेट 1850 साली तिथे चढला तेव्हापासूनचा इतिहास, मोटारींना मज्जाव, लाल मातीच्या वाटा. मलाही माथेरान आवडतं. पण दस्तुरी नाक्यावर मोटार थांबली तेव्हा तिचं ओझं गेलं कुठे? माणसांच्या खांद्यावर. हातरिक्षा ओढणं अमानुष आहे, ते बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाला ऑगस्ट 2025 मध्ये सांगावं लागलं. पाहुण्यांना स्वच्छ हवा आणि यजमानाच्या छातीला भाता, असा सौदा दीडशे वर्षं आपल्याला खटकला नाही. निर्बंध घालताना त्याचा भार कोण वाहणार हे आधी ठरवायला हवं, एवढं तरी यातून घ्यावं.

हे ठरवायची जागा आपल्याकडे नाही असंही नाही. अकोले तालुक्यातल्या डोंगराचा बराच भाग अनुसूचित, म्हणजे आदिवासीबहुल, क्षेत्रात येतो, तिथे 1996 च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिलेत. 2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनांच्या व्यवस्थापनाचा हक्क दिलाय. माधव गाडगीळांच्या समितीने 2011 साली पश्चिम घाटाचा अहवाल दिला, त्यावर ‘विकासविरोधी’ असा शिक्का मारून आपण मोकळे झालो. त्यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट, निर्णय ग्रामसभांपर्यंत न्या, ही मात्र फारशी कोणी वाचलीच नाही. कासला आसपासच्या गावांची संयुक्त वन व्यवस्थापन समिती आहे. पण समितीने आणि वनखात्याने मिळून वसुली करणं आणि गावाने ‘या आठवड्यात कोणी येऊ नका, गेंद अजून बी धरतोय’ असं सांगून ते पाळलं जाणं, यांत फार अंतर आहे. ग्रामसभा लोभी निघाली तर? निघेल. काही गावं डोंगर विकून खातील. पण चुकलेल्या ग्रामसभेसमोर त्याच गावातली म्हातारी उभी राहून बोलू शकते. महामंडळासमोर ती कुठे उभी राहणार?

गेल्या वर्षी कोजागरीला आम्ही सगळे चुलत-मावस मिळून सोळा-सतरा जण डोंगरात जायचं ठरवत होतो. बामणोलीच्या बाजूला ओळखीचे एक तात्या आहेत, त्यांच्याकडे पूर्वी जेवलो-राहिलो होतो, म्हणून त्यांना फोन केला. तात्या म्हणाले, “आत्ता नगा येऊ. भात उभंय, घरात माणूस न्हाई. तुळशीचं लगीन झालं की या. आन दोनच गाड्या आणा, गोठ्याम्होरं जागा न्हाई.” मी म्हटलं, तात्या, चांदणं तेव्हा कुठलं? ते म्हणाले, “पुन्याव दर म्हयन्याला येती.” आम्ही निम्मेजण मार्गशीर्षात गेलो, दोन गाड्यांत. उरलेल्यांना कोजागरीच हवी होती. माझ्या मेहुण्याने त्याच संध्याकाळी दुसरीकडे कुठेतरी सहा तंबू नोंदवले. किती माणसं, किती गाड्या, तिथे कोणी विचारलंसुद्धा नाही.